१९६८चा सीझन संगणकावर उभा करताना: बेसबॉल सिम्युलेशनची मांडणी आणि निगा

नववी_इनिंग

गेले काही महिने मोकळा वेळ मिळाला की एकच काम चालू आहे. १९६८चा मेजर लीग सीझन आउट ऑफ द पार्क बेसबॉल या संगणकी खेळात पहिल्या सामन्यापासून वर्ल्ड सिरीजपर्यंत खेळवायचा. २० संघ, प्रत्येकी १६२ सामने, म्हणजे एकूण १६२०. दोन्ही लीगमध्ये दहा-दहा संघ, डिव्हिजन नाहीत, मधली प्लेऑफ नाही. लीगमध्ये पहिला येईल तो थेट वर्ल्ड सिरीजमध्ये.

हेच वर्ष का, तर पिचरांनी बॅटरांना असं जखडून ठेवलेलं वर्ष नंतर झालंच नाही. बॉब गिब्सनचा ईआरए (पिचरच्या खात्यातले नऊ इनिंगमागचे रन) १.१२. डेनी मॅक्लेनचे ३१ विजय. डॉन ड्रायसडेलच्या सलग ५८ २/३ इनिंग एकही रन न देता. कार्ल यास्त्रेम्स्कीने अमेरिकन लीगचं बॅटिंगचं विजेतेपद जिंकलं ते ०.३०१ सरासरीवर. पुढच्या वर्षी माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, स्ट्राइक झोन (बॅटरसमोरचा योग्य चेंडूचा पट्टा) आक्रसला आणि ते जग संपलं. ते जग मला पडद्यावर बघायचं आहे.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला. मी रिकामी कस्टम लीग तयार केली, संघ बसवले, १९६८चे खेळाडू आयात केले आणि सीझन पळवला. शेवटी आकडे पाहिले तर लीगचा ईआरए ४.११. खरा २.९८ होता. गिब्सनचा २.४७, आणि ३४ सुरुवातींत पूर्ण सामने फक्त सहा. खऱ्या सीझनमध्ये त्याने ३४ पैकी २८ सामने स्वतः संपवले होते. त्यात डेट्रॉइटच्या लाइनअपमध्ये डेझिग्नेटेड हिटर (डीएच, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) दिसला, जो नियम अमेरिकन लीगमध्ये आला १९७३ला. खेळाडू बरोबर, संघ बरोबर, मग सीझन असा का गेला?

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही.

आकडेमोड

तुमचे खेळाडू १९६८चे आहेत, पण ते खेळले आजच्या लीगमध्ये. सगळा घोळ तिथेच आहे.

सिममध्ये खेळाडूचं रेटिंग म्हणजे त्याचा ईआरए किंवा सरासरी नव्हे. आपल्या लीगच्या सरासरीपेक्षा तो किती वर किंवा खाली आहे, एवढंच ते सांगतं. त्या लीगमध्ये एकूण किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा बेस), होमरन आणि हिट व्हायचे हे वेगळ्या जागी ठरतं: लीग टोटल्स (लीगचे एकूण आकडे) आणि त्यांचे मॉडिफायर (ते वर-खाली करणारे गुणक). रिकाम्या कस्टम लीगमध्ये तिथे आधुनिक आकडे बसलेले असतात. त्यामुळे गिब्सन तुमच्याकडेही सगळ्यांच्या वर राहिला, फक्त सगळी लीगच वर सरकली होती.

सोपा मार्ग असा की कस्टम लीग सोडा आणि ऐतिहासिक लीग म्हणून १९६८ निवडून सुरुवात करा. संघ, मैदानं, वेळापत्रक, डीएच नसणं, २५ जणांचा रोस्टर, लीग टोटल्स हे सगळं त्या वर्षाप्रमाणे येतं. तरीही एकदा डोळ्यांखालून घाला, कारण पुढची गणितं यावरच उभी राहतात.

आता इंजिन एका प्लेट अपिअरन्सचा (बॅटरच्या एका पाळीचा) निकाल कसा काढतं ते थोडं पाहू. हे समजलं की सेटिंगची निम्मी भीती जाते. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा १९६१पासूनचा पत्ते-फाशांचा खेळ. त्यात तीन फासे टाकतात. पहिल्या फाशावर १ ते ३ आलं तर बॅटरच्या पत्त्यावर निकाल बघायचा, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. म्हणजे अर्धे निकाल याचे, अर्धे त्याचे. ही युक्ती फार सुंदर आहे आणि सामान्य जोड्यांत व्यवस्थित चालते. पण बॅटर आणि पिचर दोघेही टोकाचे असले की नुसती सरासरी कमी पडते. त्यासाठी बिल जेम्सने मांडलेली लॉग-फाइव्ह पद्धत आहे, जिच्यात शक्यतांऐवजी त्यांची गुणोत्तरं धरतात.

उदाहरण घ्या. बॅटर ०.३००चा, पिचर समोरच्यांना ०.२२० देणारा, लीग ०.२५०ची.
बॅटरचं गुणोत्तर ०.३०० भागिले ०.७०० = ०.४२९
पिचरचं ०.२२० भागिले ०.७८० = ०.२८२
लीगचं ०.२५० भागिले ०.७५० = ०.३३३
पहिल्या दोघांचा गुणाकार भागिले तिसरं = ०.३६३. ते परत शक्यतेत आणलं की ०.२६६.

लीगचा आकडा छेदात बसलाय ते पाहा. तो चुकला तर प्रत्येक बॅटर, प्रत्येक पिचर, प्रत्येक सामना चुकतो. प्रत्येक खेळाचं इंजिन अगदी याच सूत्रावर चालतं असं नाही, पण लीगच्या सरासरीला अशी मध्यवर्ती जागा सगळीकडेच असते.

डगआउट

+१. मी एक भर घालतो: मॉडिफायर बसवल्यावर लगेच खरा सीझन सुरू करू नका. लीगची प्रत काढा आणि त्या प्रतीवर तोच सीझन दहा वेळा पळवा. दहांची सरासरी खऱ्या आकड्यांशी ताडून बघा. १९६८साठी माझ्या वहीत प्रत्येक संघाच्या एका सामन्यामागे हे आकडे आहेत: रन ३.४२, होमरन ०.६१, स्ट्राइकआउट सुमारे ५.९, वॉक सुमारे २.८. एकूण बॅटिंग सरासरी ०.२३७.

समजा होमरन ०.६८ आले. हवेत ०.६१. ०.६१ला ०.६८ने भागलं की ०.८९७. आधीचा मॉडिफायर १.००० असेल तर तो ०.८९७ करायचा आणि पुन्हा दहा फेऱ्या. क्रम मात्र पाळा. आधी स्ट्राइकआउट आणि वॉक, मग होमरन, आणि खेळात पडलेल्या (बॅटला लागून मैदानात गेलेल्या) चेंडूंवरचे हिट सर्वांत शेवटी. स्ट्राइकआउट बदलले की खेळात पडणारे चेंडूच कमी-जास्त होतात, मग आधी जुळवलेले हिट पुन्हा हलतात. रनांना थेट हात लावायचाच नाही, बाकीचं जमलं की ते आपोआप जागेवर येतात.

पूर्ण सामन्यांचं वेगळं. तो पिचर किती दमतो आणि मॅनेजर त्याला किती लवकर काढतो याचा प्रश्न. आधुनिक सेटिंगवर संगणकाचा मॅनेजर सहाव्या-सातव्या इनिंगला बुलपेनकडे (राखीव पिचरांकडे) बघायला लागतो. पिचरांची दमछाक आणि बुलपेनचा वापर त्या काळाप्रमाणे केलात की गिब्सन नवव्या इनिंगला माउंडवर दिसेल.

संथ_चेंडू

वाचतोय. एक शंका. मी १९६८ नीट सेटिंग करून खेळवला होता, लीगचा ईआरए ३.०२ आला. पण अमेरिकन लीगचा बॅटिंग विजेता ०.३३४चा निघाला आणि यास्त्रेम्स्की ०.२७९. मग जुळलं की नाही जुळलं?

आकडेमोड

जुळलं.

यास्त्रेम्स्कीचे खरे आकडे ५३९ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या) १६२ हिट. समजा त्याची खरी कुवत बरोबर ०.३०० आहे. तरी ५३९ ॲट-बॅटमध्ये नशिबाचा हेलकावा सुमारे ०.०२० येतो. तीनपैकी दोन सीझनमध्ये तो ०.२८० आणि ०.३२०च्या मधे राहील, तिसऱ्यात बाहेर पडेल. तुमचा ०.२७९ म्हणजे अगदी सीमेवरचा, अनपेक्षित काहीच नाही. आणि विजेता म्हणजे पन्नासेक नियमित बॅटरांमधला ज्याचं नशीब सर्वांत जोरावर होतं तो. त्यामुळे विजेत्याचा आकडा फेरीगणिक हलणारच.

संघांचंही तेच. दर सामन्यात बरोबरीची संधी असलेला संघ १६२मध्ये सरासरी ८१ जिंकतो, पण हेलकावा सहाहून थोडा जास्त. एकदा ७५, एकदा ८७, आणि खेळाडू तेच. म्हणून एका फेरीवरून मॉडिफायर बदलू नये. मी सुरुवातीला ही चूक बरेच दिवस केली. प्रत्येक फेरीनंतर काहीतरी फिरवायचो आणि खऱ्या आकड्यांपासून लांबच जात राहायचो.

कर्व्हबॉल

इथे एक मतभेद नोंदवतो. तुम्ही लीग जुळवण्यावर भर देताय तो रास्त आहे, पण माझ्या मते खेळाडूंचं रेटिंग कशावरून काढायचं हा त्याहून अवघड निर्णय आहे.

गिब्सनचे ईआरए लागोपाठ असे: १९६७ला २.९८, १९६८ला १.१२, १९६९ला २.१८. आता एकाच वर्षावरून रेटिंग काढलं तर सिमच्या दृष्टीने १.१२ ही त्याची कुवत ठरते. पण १.१२मध्ये कुवत आहे आणि नशीबही आहे. नशिबालाच कुवत मानून त्यावर सिमचं नवं नशीब चढवायचं, म्हणजे नशीब दोनदा मोजलं. निम्म्या फेऱ्यांत गिब्सन १.१२च्याही खाली जायला लागतो.

तीन वर्षांच्या आधारावर रेटिंग घेतलं की तो दोनच्या आसपास येतो, आणि दहा-वीस फेऱ्यांत एखादा सीझन १.५च्या खाली जातो. तो सीझन जेव्हा येतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण तो कोणी लिहून ठेवलेला नसतो. मला सिम त्यासाठीच आवडतं.

२००१मध्ये व्होरोस मॅक्रॅकनने दाखवून दिलं की स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन यांवर पिचरचा ताबा असतो, पण खेळात पडलेला चेंडू हिट होतो की आउट यात फील्डिंग आणि नशिबाचा वाटा खूप मोठा असतो. या खेळात पिचरची रेटिंग्ज स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल अशी आहेत, त्यामागे हाच विचार. म्हणून सेंट लुइसची फील्डिंग नीट बसवा. सेंटरला कर्ट फ्लड कमी पडला तर गिब्सनचा ईआरए वाढेल आणि तुम्ही उगाच पिचरचं रेटिंग चाळत बसाल.

नववी_इनिंग

कर्व्हबॉल, तुमचं पटतंय आणि तरी मन एका वर्षाकडे ओढतंय. मला १९६८ हवंय. गिब्सनचा त्या वर्षाचा तो राग, ते वर्चस्व. तीन वर्षांच्या गिब्सनमध्ये ते पातळ होणार नाही का?

कर्व्हबॉल

होईल. म्हणून आधी हेतू ठरवा. एकच सीझन जसा घडला तसा बघायचा तर एक वर्षाचा आधार, ऐतिहासिक लाइनअप आणि ऐतिहासिक ट्रान्झॅक्शन (खेळाडूंचे खरे संघबदल) हे दोन्ही पर्याय चालू, आणि दुखापती बंद. दुखापती चालू ठेवून ऐतिहासिक लाइनअप वापरलीत तर खरा खेळाडू त्या दिवशी मैदानात होता आणि तुमचा अंथरुणावर आहे, अशी रोजची ओढाताण होते. १९६८पासून पुढे वर्षानुवर्षं लीग चालवायची असेल तर तीन वर्षांचा आधार, दुखापती चालू, ट्रान्झॅक्शन संगणकावर सोडा.

दोन्ही अर्धं-अर्धं केलेली लीग फार काळ टिकलेली मी पाहिलेली नाही.

डगआउट

ऐतिहासिक लाइनअपवरून एक आठवलं आणि ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९६८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटचा मॅनेजर मेयो स्मिथ याने सेंटर फील्डर मिकी स्टॅन्लीला शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) उभं केलं. कारण साधं होतं. नेहमीचा शॉर्टस्टॉप रे ऑयलर त्या वर्षी ०.१३५वर होता, आणि दुखापतीतून परतलेल्या अल केलाइनला आउटफील्डमध्ये जागा हवी होती. स्टॅन्ली सीझनच्या शेवटच्या दिवसांत थोडेच सामने शॉर्टला खेळला होता. डेट्रॉइटने सात सामन्यांत सिरीज जिंकली.

संगणकाचा मॅनेजर हे कधीच करणार नाही. स्टॅन्लीचं शॉर्टचं रेटिंग त्याला इतकं कमी दिसतं की तो ऑयलरलाच खेळवतो. मी प्लेयर एडिटरमध्ये स्टॅन्लीचा शॉर्टस्टॉपचा अनुभव वाढवला, रेटिंग बेताचंच ठेवलं, आणि सिरीजपुरती डेट्रॉइटची लाइनअप स्वतः लावली. ग्राउंडबॉल त्याच्याकडे जायचा तेव्हा दर वेळी खुर्चीत पुढे सरकायचो. सीझन उभा करताना असे दोन-तीन निर्णय हाताने करा. तेवढ्याने तो सीझन आपला होतो.

जुनी_फाइल

तुम्ही सगळे मांडणीबद्दल लिहिताय, मी निगेबद्दल लिहितो, कारण माझी बावीस सीझनची लीग एका रात्रीत गेली.

सेव्ह फोल्डर मी एका क्लाउड सेवेच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवला होता. बॅकअप आपोआप होईल अशी कल्पना. या खेळात एक लीग म्हणजे एक फाइल नसते. ते एक फोल्डर असतं, आत ढीगभर फाइली. खेळ त्या लिहीत असताना ती सेवा त्याच फाइली वर चढवायला गेली. काही फाइली नव्या तारखेच्या, काही जुन्या. दुसऱ्या दिवशी लीग उघडेना. क्लाउडवर होती तीही तीच मोडकी प्रत, कारण तिचं काम जसंच्या तसं जुळवण्याचंच होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. खेळतो ती लीग साध्या स्थानिक फोल्डरमध्ये. खेळ पूर्ण बंद केल्यावर लीगचं फोल्डर झिप करतो, नावात सीझन आणि खेळातली तारीख: ‘१९६८_मे_०७’. झिप दुसऱ्या डिस्कवर आणि मगच क्लाउडवर. महिन्यातून एकदा एखादं झिप वेगळ्या जागी उघडून लीग खरंच सुरू होते का ते बघतो. हे शेवटचं फार लोक करत नाहीत. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही.

पॅचबद्दलही सांगतो. सीझनच्या मधे पॅच लावण्याआधी झिप करा आणि बदलांची यादी वाचा. इंजिनच्या आकडेमोडीत बदल असेल तर तुमचे जुळवलेले मॉडिफायर पुन्हा तपासावे लागतात. अशा वेळी मी सीझन संपेपर्यंत पॅच लावत नाही. नवीन वर्षाची आवृत्ती आली की जुनी लीग त्यात आयात करतो, पण मूळ प्रत जुन्या आवृत्तीसकट ठेवून.

लीग जड झाली तर आधी बॉक्सस्कोअर आणि गेम लॉग बघा. वर्षानुवर्षांचा प्रत्येक सामना साठवायची गरज नसते. मी चालू सीझनचे सगळे ठेवतो, जुन्यांतले फक्त वर्ल्ड सिरीजचे.

संथ_चेंडू

जुनी_फाइल, बावीस सीझन गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आजच झिप करतोय.

बेसबॉलच्या आकडेवारीच्या लाहमन डेटाबेसच्या सीएसव्हीबद्दल कोणी सांगेल का? मला लीगचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचेत. स्प्रेडशीटमध्ये उघडलं की काही नावांतली अक्षरं मोडतात.

आकडेमोड

फाइलवर डबल क्लिक करून उघडू नका. स्प्रेडशीट आधी उघडा, मग डेटा आयात करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. आयात करताना स्कोअर किंवा निकालाचे स्तंभ ‘मजकूर’ म्हणून ठरवा, नाहीतर ३-२ अशा नोंदीची स्प्रेडशीट तारीख करून टाकते आणि मूळ आकडा परत मिळत नाही.

ताडताना नावाने नव्हे, खेळाडूच्या आयडीने जोडा. फ्रँक थॉमस नावाचे दोन मोठे बॅटर होऊन गेले, एक १९५०च्या दशकातला, एक १९९०च्या. नावाने जोडलंत तर दोघांचे होमरन एकाच्या खात्यात जातील. एकेका सामन्याचा, बॅटरगणिक खेळाचा तपशील हवा असेल तर रेट्रोशीट बघा. डेव्हिड स्मिथ यांनी १९८९मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीट गोळा करून स्वयंसेवकांनी हा डेटा भरलाय. मी जेव्हा त्यातला एखादा १९६८चा सामना उघडतो तेव्हा ज्याने त्यातली प्रत्येक नोंद टंकली असेल त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटते.

कर्व्हबॉल

पुढे १९६९मध्ये जायचं असेल तर तीन गोष्टी सीझन संपताच करा, नव्या वर्षाची वाट बघू नका. कॅन्सस सिटी, सिअॅटल, माँट्रिऑल आणि सॅन डिएगो हे चार नवे संघ आले का आणि एक्स्पान्शन ड्राफ्ट (नव्या संघांसाठी जुन्या संघांतून खेळाडू निवडणं) झाला का ते बघा. प्रत्येक लीगमध्ये सहा-सहा संघांच्या दोन डिव्हिजन आणि मधली लीग चॅम्पियनशिप सिरीज बसली का बघा. आणि लीग टोटल्स त्या वर्षाप्रमाणे आपोआप बदलण्याचा पर्याय चालू आहे ना तेही. खऱ्या १९६९मध्ये रन ३.४२वरून ४.०७वर गेले. तो पर्याय बंद राहिला तर तुमच्या लीगमध्ये माउंड उंचच राहील.

नववी_इनिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो.

ऐतिहासिक लीग म्हणून नव्याने सुरुवात केली. एका वर्षाचा आधार, ऐतिहासिक लाइनअप, दुखापती बंद. कर्व्हबॉल, तीन वर्षांच्या आधाराची दुसरी लीग नंतर नक्की करणार, पण आधी हे. प्रतीवर दहा फेऱ्या केल्या: ईआरएची सरासरी ३.०६, होमरन ०.६३. होमरनचा मॉडिफायर डगआउटच्या हिशोबाने एकदाच बदलला, पुन्हा दहा फेऱ्या, ईआरए २.९९. तिथे थांबलो. गिब्सनचे दहा फेऱ्यांतले पूर्ण सामने २३ ते ३०च्या मधे.

मग खरा सीझन सुरू केला, रोज एक दिवस. काल ८ मे १९६८ आला. खऱ्या इतिहासात त्या दिवशी ओकलंडच्या कॅटफिश हंटरने मिनेसोटाविरुद्ध परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर येऊ न देता) टाकला होता, ४-० आणि त्यातले तीन रन त्याने स्वतःच्या बॅटने आणलेले. आधी झिप केलं, ‘१९६८_मे_०७’, मग तो सामना चेंडूगणिक बघायला बसलो. चौथ्या इनिंगपर्यंत एकही बॅटर बेसवर आला नाही. पाचव्यात एक वॉक, पुढच्याच बॅटरचा उजवीकडे सिंगल. हंटर आठ इनिंग टाकून २-१ने हरला.

झिप समोर होतं. उघडलं नाही. ९ मेचा सामना लावला.

जुनी_फाइल

९ मेचंही झिप करा.